मोयेससाहेब, तुमचे भाकीत खरे ठरले!

प्रति,
श्री. डेव्हिड मोयेस,
माजी मॅनेजर, संडरलँड फुटबॉल क्लब.



तुमचे भाकीत खरे ठरले, तिथूनच सुरुवात करतो. तारीख 21 ऑगस्ट 2016. प्रीमियर लीगच्या त्या हंगामातला संडरलँडचा हा दुसरा सामना आणि घरच्या मैदानावरचा पहिला. समोर शेजारचेच मिडल्सब्रो. निकाल 2-1, तुमच्या विरुद्ध. सामन्यानंतर पत्रकारांनी विचारले, यंदाही तळाशीच झुंजावे लागणार अशी धास्ती लोकांनी घेतली आहे, त्यांना काय सांगाल? तुम्ही सांगितलेत की लोकांचे बहुधा बरोबरच आहे. गेली चार वर्षे हा क्लब तिथेच होता, मग यंदा अचानक काय बदलणार?

अजून 36 सामने बाकी होते. खेळाडूंची खरेदी-विक्री सुरू होती. लोकांनी सीझन तिकिटाचे पैसे नुकतेच मोजले होते. चार वर्षांच्या करारावर आणलेल्या, महिनाभरापूर्वीच खुर्चीत बसलेल्या माणसाने त्यांना सांगून टाकले की यंदा फारशी अपेक्षा ठेवू नका.

पुढे 29 एप्रिल 2017 रोजी बोर्नमथच्या जोशुआ किंगने 88 व्या मिनिटाला गोल केला आणि चार सामने शिल्लक असतानाच संडरलँडवर रेलिगेशनचे, म्हणजे खालच्या विभागात घसरण्याचे, शिक्कामोर्तब झाले. सलग दहा वर्षे प्रीमियर लीगमध्ये टिकलेला क्लब खाली गेला. हंगामाचा हिशेब: 38 सामने, सहा विजय, 24 गुण, शेवटचा क्रमांक. ज्योतिषी म्हणून तुमची नेमणूक झाली असती तर तुमच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. पण तुम्हाला नेमले होते मॅनेजर म्हणून.

कोल्हापूरच्या माणसाला संडरलँडचे एवढे काय पडले आहे, असे कुणी विचारील. मी शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल बघत मोठा झालो. आमच्याकडे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस यांपैकी कुणाचा झेंडा धरायचा हे पेठ आणि तालीम ठरवते, आणि एकदा ठरले की आयुष्यभर बदलत नाही. संघ हरला म्हणून कुणी पेठ बदलत नाही. म्हणूनच वेअर नदीकाठच्या त्या गावाचे दुखणे समजायला मला इंग्लंडमध्ये जन्म घ्यावा लागला नाही.

त्या गावाची ओळख तुम्हाला करून देणे म्हणजे आगाऊपणा, पण तुमचा त्या वर्षातला कारभार पाहता ती करून द्यावीशी वाटते. संडरलँड म्हणजे जहाजे आणि कोळसा. जहाजबांधणीचे शेवटचे कारखाने 1988 मध्ये बंद पडले. वेअरमथची कोळसा खाण 1993 मध्ये बंद झाली. त्या खाणीच्याच जागेवर क्लबने 1997 मध्ये स्टेडियम ऑफ लाइट उभारले आणि बाहेर खाणकामगारांच्या डेव्ही दिव्याचे स्मारक केले. बाप-आजे ज्या जमिनीखाली राबले, तिच्यावर बांधलेल्या मैदानात मुले-नातवंडे शनिवारी येऊन बसतात. 1879 साली स्थापन झालेला, सहा वेळा लीग जिंकलेला, 1973 मध्ये दुसऱ्या विभागातून येऊन बलाढ्य लीड्सला हरवून एफए कप नेणारा हा क्लब. गावातले दोन्ही मोठे उद्योग गेले, तेव्हा लोकांनी एकत्र जमावे असे ठिकाण म्हणून हाच उरला. तिथल्या मॅनेजरने लोकांची उमेद मोडली तर त्याचा परिणाम फुटबॉलपुरता राहत नाही.

रेलिगेशननंतर समर्थकांत जो वाद पेटला तो अजून पुरता विझलेला नाही. त्यात तीन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, क्लब मालकाने पोखरला, मोयेस फक्त शेवटी तावडीत सापडले. दुसरा म्हणतो, मालक कसाही असो, संघ निवडतो तो मॅनेजर. तिसरा पक्ष प्रेक्षकांवरच घसरतो: संघ खाली गेला की घरी बसता, मग तुम्ही कसले समर्थक? या तिघांचा निवाडा करायचा तर आकडे आणि तारखा समोर ठेवायला हव्यात.

आधी मालकाचे बघू, म्हणजे तुमच्यावर अन्याय व्हायला नको. मालक एलिस शॉर्ट यांच्या काळात स्टीव्ह ब्रूस, मार्टिन ओनील, पाओलो दि कानिओ, गस पोयेत, डिक अॅडव्होकाट आणि सॅम अलार्डाइस यांनी त्या खुर्चीवर बसून पाहिले. प्रत्येकाने आपल्या पसंतीचे खेळाडू आणले, पुढच्याला ते नकोसे झाले. कर्ज शंभर दशलक्ष पौंडांच्या पुढे गेले. जॅक रॉडवेलसारख्याशी झालेल्या करारात, संघ खाली गेला तर पगार कमी होईल, ही साधी अटसुद्धा घातली नव्हती. अलार्डाइस इंग्लंडचे मॅनेजर झाले आणि तुम्ही आलात तेव्हा जुलैचा शेवटचा आठवडा उजाडत होता, हंगाम तोंडावर होता. हे पाप तुमचे नाही. खजिना रिकामा होता हे खरे. मे 2017 मध्ये राजीनामा देताना तुम्ही नुकसानभरपाई घेतली नाहीत, हेही खरे, आणि ते तुमच्या बाजूला लिहून ठेवायलाच हवे. गावातल्याच जॉर्डन पिकफर्डला तुम्ही गोलरक्षणाची संधी दिलीत, आणि त्याला विकून क्लबला पुढे मोठी रक्कम मिळाली. तेही लिहिले.

आता तुमची बाजू संपली.

पैसा नव्हता म्हणता, पण जो होता तो कुठे गेला? गॅबनचा दिदिए एनडाँग क्लबच्या इतिहासातली सर्वांत मोठी रक्कम मोजून घेतला गेला. चेल्सीच्या पहिल्या संघात ज्याला जागा नव्हती त्या पापी जिलोबोजीसाठी आठ दशलक्ष पौंड गेले. दोनच वर्षांनी, क्लब तिसऱ्या विभागात असताना, हे दोघेही सरावासाठी वेळेवर परतले नाहीत आणि करार मोडून त्यांना सोडून द्यावे लागले. बाकीची भरती तुम्ही आपल्या जुन्या घरातून केलीत. मँचेस्टर युनायटेडमधून जानुझाय, मॅकनेअर आणि लव्ह. एव्हर्टनच्या दिवसांतले अनिचेबी, पिएनार, लेस्कॉट, गिब्सन, ओव्हिएदो. पिएनार आणि लेस्कॉट दोघेही पस्तिशीला टेकलेले. याउलट, आदल्या वसंतात ज्याच्या खेळाने संघ वाचला त्या वहबी खझरीला तुम्ही बहुतेक काळ बाकावर बसवलेत. ओळखीचा चेहरा दिसला की तुम्हाला धीर येत असेल, पण गुणतक्त्यात ओळखीला गुण नसतात.

त्या आदल्या वसंताबद्दलही बोलू. तोच मालक, तेच कर्ज, जवळजवळ तोच संघ. अलार्डाइस यांनी हंगामातल्या शेवटच्या अकरा सामन्यांत फक्त एक गमावला. 11 मे 2016 रोजी स्टेडियम ऑफ लाइटवर एव्हर्टनला 3-0 हरवून संडरलँड वाचले, आणि त्याच निकालाने कट्टर वैरी न्यूकॅसल खाली गेले. त्या रात्री गाव झोपले नव्हते. त्या आनंदाच्या भरात लोकांनी पुढच्या हंगामाची तिकिटे काढली. तुमच्या हाती आलेला क्लब कर्जबाजारी होता, पण त्याच्या प्रेक्षकांची उमेद शाबूत होती. पहिल्या दहा सामन्यांत तुम्ही दोन गुण मिळवलेत. तोपर्यंतच्या प्रीमियर लीगमधल्या सर्वांत वाईट सुरुवातींपैकी ही एक. संपूर्ण हंगामात संघाने 29 गोल केले, त्यातले 15 एकट्या जर्मेन डिफोचे. तिशी केव्हाच ओलांडलेल्या एका माणसाच्या पायांवर तुम्ही अख्खा क्लब टाकलात.

आता प्रेक्षकांच्या आकड्यांकडे या, कारण तुमचे पाठीराखे इथेच चलाखी करतात. ते म्हणतात, मोयेस यांच्या हंगामात सरासरी उपस्थिती 41 हजारांच्या वर होती, खरी गळती लागली ती पुढच्या वर्षी सायमन ग्रेसन आणि ख्रिस कोलमन या मॅनेजरांच्या काळात. आकडा बरोबर आहे, निष्कर्ष साफ चुकीचा. इंग्लंडमध्ये क्लब जाहीर करतात तो आकडा विकलेल्या तिकिटांचा. सीझन तिकीटधारक घरी बसला तरी तो हजरच मोजला जातो, सत्तराव्या मिनिटाला उठून बाहेर पडला तरी हजरच. शिवाय सीझन तिकीट विकले जाते उन्हाळ्यात, हंगाम सुरू होण्याआधी. म्हणजे तुमच्या वर्षातले 41 हजार लोक अलार्डाइसच्या मे महिन्याने आणले होते. तुमच्या मे महिन्याने किती आणले ते पुढच्या वर्षी दिसले: 2017-18 ची सरासरी 28 हजारांच्याही खाली गेली. सुमारे 49 हजारांच्या त्या मैदानात जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या. गर्दीचा हिशेब एक वर्ष उशिराने येतो, साहेब. बिल ग्रेसनच्या हातात पडले, जेवण तुमचे होते.

तुमच्या हंगामातल्या 19 घरच्या सामन्यांत लोकांनी काय पाहिले होते? हल, लेस्टर आणि वॉटफर्ड यांच्यावरचे तीन विजय. तिसरा 17 डिसेंबर 2016 चा. त्यानंतर तुमच्या कारकिर्दीत स्टेडियम ऑफ लाइटवर लीगमधला एकही विजय नाही. पुढचा विजय त्या मैदानाने थेट 16 डिसेंबर 2017 ला पाहिला, फुलमविरुद्ध. जवळजवळ वर्षभर तिकीट काढून, थंडीवाऱ्यात, मुलाबाळांना घेऊन आलेला माणूस एकदाही जिंकून घरी गेला नाही. अशा माणसाला निष्ठेवर प्रवचन देणाऱ्यांनी आधी त्याच्या शेजारच्या खुर्चीत एक हिवाळा काढावा.

आणि हरण्यालाही रीत असते. त्याच हंगामात क्लबच्या कचेरीतल्या साध्या नोकरदारांवर कपातीची टांगती तलवार होती, आणि तुम्ही खेळाडूंना घेऊन न्यूयॉर्कला गेलात. मार्चमध्ये बर्नलीविरुद्धचा सामना गोलशून्य सुटल्यावर, मालकाबद्दल प्रश्न विचारणाऱ्या महिला पत्रकाराला तुम्ही थप्पड बसेल असे सुनावलेत. तुम्ही माफी मागितलीत, फुटबॉल असोसिएशनने 30 हजार पौंडांचा दंड ठोठावला. मॅनेजर हा दर आठवड्याला क्लबचा चेहरा असतो. त्या वर्षी गावाने आरशात पाहिले तेव्हा हा चेहरा दिसला. या चेहऱ्यासाठी कोणत्या आईने आपल्या मुलीला हौसेने मैदानावर न्यावे?

तुमच्या बाजूचा उरलेला युक्तिवाद असा की, संघ खाली गेला की गर्दी घटतेच. समोर मँचेस्टर युनायटेड नसते, बर्टन अल्बियन असते, मग कोण येणार? हा युक्तिवाद फार शहाणपणाचा वाटतो. तो खोटा कसा ठरला ते सांगतो.

2018 च्या एप्रिलमध्ये याच बर्टनने स्टेडियम ऑफ लाइटवर 2-1 असा विजय मिळवून संडरलँडला सलग दुसऱ्यांदा खाली ढकलले. क्लब तिसऱ्या विभागात, लीग वनमध्ये गेला. त्यानंतर काही दिवसांतच शॉर्ट यांनी क्लब विकला, नवे मालक आले, जॅक रॉस नावाचा नवा मॅनेजर आला. त्या उन्हाळ्यात क्लबने लोकांना साद घातली. उन्हाने विटून गुलाबी पडलेल्या खुर्च्या बदलायच्या होत्या. समर्थक स्वतः पाने घेऊन आले आणि गंजलेल्या बोल्टांशी झटत जुन्या खुर्च्या काढून नव्या लाल खुर्च्या बसवू लागले. कुणी मजुरी मागितली नाही. आपल्याच क्लबमध्ये बसायला आपल्याच हाताने जागा करणारी ही माणसे. यांना तुमचे पाठीराखे संधिसाधू म्हणतात.

आणि मग गर्दी वाढली. तिसऱ्या विभागात, अॅक्रिंग्टन आणि फ्लीटवूडसारख्या छोट्या गावांच्या संघांविरुद्ध, सरासरी 32 हजारांच्या वर गेली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबर 2018 ला, ब्रॅडफर्डविरुद्ध 46,039 लोक आले. तिसऱ्या विभागाला लीग वन हे नाव मिळाल्यापासून एवढी गर्दी कुणी पाहिली नव्हती. मार्च 2019 मध्ये खालच्या विभागांच्या चषकाच्या अंतिम सामन्याला पोर्ट्समथविरुद्ध वेम्बली भरले: 85,021 लोक. आदल्या रात्री लंडनचा ट्रफाल्गर चौक लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी फुलून गेला होता. संडरलँड तो सामना पेनल्टींवर हरले, त्या हंगामाचा प्ले-ऑफही चार्ल्टनविरुद्ध शेवटच्या क्षणी हरले, वर चढायला आणखी तीन वर्षे लागली. लोक हरणाऱ्या संघासाठी येत होते, कारण निदान तो संघ जिंकण्यासाठी उतरतो आहे अशी त्यांची खात्री होती.

विभाग खालचा, प्रतिस्पर्धी लहान, टीव्हीवर जवळजवळ दिसत नाही, तरी गर्दी वाढते. याचा अर्थ एकच निघतो. प्रेक्षक विभाग बघून येत नाही, आशा बघून येतो. पैसा आणणे मालकाचे काम, गोल करणे खेळाडूचे काम, पण शनिवारी दुपारी घराबाहेर पडावे असे लोकांना वाटायला लावणे हे मॅनेजरचे काम आहे. त्याला त्यासाठी खजिना लागत नाही. तुम्ही नेमके तेच काम ऑगस्टच्या एकविसाव्या दिवशी टाकून दिलेत. तुम्ही म्हणाल, मी प्रामाणिकपणे बोललो. प्रामाणिकपणे बोलायचेच होते तर बंद दाराआड मालकासमोर बोलायचे, त्याच्याकडून उत्तर मागायचे, नाही मिळाले तर ऑगस्टमध्येच बाजूला व्हायचे. ज्यांच्याकडे काहीही बदलण्याची सत्ता नाही, त्या प्रेक्षकांना आणि ज्यांना 36 सामने खेळायचे आहेत, त्या खेळाडूंना ते ऐकवण्याने काय साधले? ड्रेसिंग रूममधल्या तरुण पोराने सकाळी वर्तमानपत्र उघडले असेल, तेव्हा आपला मॅनेजर आपल्याबद्दल काय समजतो हे त्याला कळले असेल.

तुमचे चाहते शेवटी तुमचे पुढचे यश पुढे करतात. तुम्ही वेस्ट हॅमला सावरलेत, जून 2023 मध्ये प्राग येथे फिओरेन्टिनाला हरवून त्यांना युरोपातला चषक मिळवून दिलात, जानेवारी 2025 मध्ये एव्हर्टनला परतून तोही बुडणारा क्लब वर काढलात. मग दोष संडरलँडचाच नव्हता का, असे ते विचारतात. मी याच गोष्टींचा उलटा अर्थ लावतो. घसरता संघ कसा उभा करायचा, निराश गर्दीला पुन्हा कसे उठवायचे, हे तुम्हाला येत होते. 2002 पासून एव्हर्टनमध्ये अकरा वर्षे, तुटपुंज्या पैशात, तुम्ही हेच तर केले होते. ज्याला काम येत नाही त्याला माफी असते. येत असून ज्याने केले नाही त्याच्या नावावर दोष दुप्पट लिहिला जातो.

आता निवाडा. रेलिगेशनची जबाबदारी वाटून घेता येते. तिचा मोठा वाटा मालकाचा, एक वाटा आधीच्या मॅनेजरांचा, एक खेळाडूंचा, आणि एक तुमचा. पण लोकांनी येणे सोडले, त्याचा पहिला आणि सर्वांत मोठा धनी तुम्ही आहात. प्रेक्षकांकडे तर त्यातला कणभरही जात नाही. घरी बसलेला समर्थक फितूर नसतो. मालक ऐकत नाही, मॅनेजर आधीच हरला आहे, मतदान नाही, सभा नाही, अशा ठिकाणी रिकामी खुर्ची हेच त्याच्या हातातले एकमेव मत असते. ते त्याने दिले, आणि मालकाला क्लब विकावा लागला त्यात त्या रिकाम्या खुर्च्यांचाही हात होता असे मी मानतो.

संडरलँड 2022 मध्ये लीग वनमधून वर आले. मे 2025 मध्ये वेम्बलीवर शेफील्ड युनायटेडविरुद्ध टॉमी वॉटसन या स्थानिक पोराने भरपाईच्या वेळेत गोल केला आणि क्लब पुन्हा प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. त्याही हंगामात तज्ज्ञ मंडळींनी या संघाला फारशी संधी दिली नव्हती. फरक इतकाच की रेजिस ल ब्री या त्यांच्या मॅनेजरने तज्ज्ञांच्या सुरात सूर मिसळला नाही.

तुमच्याकडे एकच मागणी आहे. 2016 च्या त्या ऑगस्टबद्दल संडरलँडच्या लोकांची जाहीर माफी मागा. रेलिगेशनबद्दल नको, त्या एका उत्तराबद्दल मागा. आणि फुटबॉल बघणाऱ्या माझ्या मराठी वाचकांना विनंती आहे की आपला संघ खाली गेल्यावर एकमेकांच्या निष्ठेची परीक्षा घेत बसू नका. गर्दी घटली तर आधी तिकीट विकणाऱ्यांना आणि संघ निवडणाऱ्यांना जाब विचारा. प्रेक्षकाने त्याचे काम कधीच चुकवलेले नसते.

कळावे,
एक फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर